भगिनी देल्फिनाची अतिशय खाजगी विनंती

सालकाहा गावाच्या वरच्या आळीत ‘बेथेलचं द्वार’ नावाची मंडळी, म्हणजे चर्च, आहे. बाकं बावीस, लाउडस्पीकर तीन. तिन्हींची तोंडं रस्त्याकडे. आत बसलेल्यांचं तारण झालेलंच आहे, त्यांना थोडं कमी ऐकू आलं तरी बिघडत नाही. गरज बाहेरच्यांना आहे, असं पाळक एलिसेओ यांचं म्हणणं. त्यामुळे आळीतल्या कॅथलिक कुत्र्यांनाही उपासनेतली अर्धी गीतं पाठ होती.

भगिनी देल्फिना चाक्लान या मंडळीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. नऊ वर्षं झाली. दुसरं कुणी उभं राहत नव्हतं, कारण उभं राहायचं तर आधी देल्फिनाला सांगावं लागे. साक्ष देण्यात, म्हणजे भेटेल त्याला प्रभूबद्दल सांगण्यात, तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दात काढायला गेली तेव्हा तोंडात कापूस कोंबलेला असताना तिनं दंतवैद्याला नरकाची कल्पना दिली होती. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस दोन थांबे आधीच उतरून जाई. समोरच्या घरातल्या डोन्या तोमासाला, म्हणजे कॅथलिक तोमासाबाईंना, तर तिनं सतरा वर्षं दर सोमवारी दारात उभं राहून पत्रक दिलं. घरात पाऊल टाकलं नाही, कारण आत संतांच्या मूर्ती होत्या.

“तुमचा कागद फार चांगला असतो हो,” तोमासा म्हणायची. “चूल एका काडीत पेटते.”

देल्फिना हसून सोडून द्यायची. बियाणं आपण पेरायचं, पुढचं प्रभूनं बघायचं.

गुरुवारी दुपारी महिलांची उपासना असे. तिच्यात सगळ्यांची आवडती वेळ प्रार्थना-विनंत्यांची. बेथेलमध्ये चुगल्या चालत नाहीत. चुगली पाप आहे. इथे फक्त विनंत्या असतात. आणि विनंती करायची तर तपशील द्यावे लागतात, नाहीतर प्रभूचा गोंधळ व्हायचा. म्हणून भगिनी ओबदुलिया माइकसमोर उभी राहून नणंदेच्या रागीटपणासाठी प्रार्थना मागताना कुठल्या वारी, कुणाच्या देखत आणि कुठलं पातेलं फेकलं, तेही सांगायची. नणंद चार घरं सोडून राहायची. लाउडस्पीकरची तिकडची बाजू जरा जास्तच चांगली होती. ती जोडली होती देल्फिनाच्या नवऱ्यानं, निकासियोनं. तो मंडळीचा ध्वनिसेवक. बोलायचा कमी, पण वायरी उत्तम जोडायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी सेफोरा. वय बावीस, आळीच्या कोपऱ्यावर सुताच्या दुकानात कामाला. नोव्हेंबरमध्ये तिचं लग्न ठरलं होतं, पाळकसाहेबांच्या पुतण्याशी. अबदियास त्याचं नाव. मंडळीत ड्रम वाजवायचा, दारूच्या वाटेला जायचा नाही, सासूला ‘आई’ म्हणायचा. देल्फिनानं या स्थळासाठी चाळीस दिवस उपास केला होता. सकाळची कॉफी सोडून.

एका शनिवारी मायलेकी तमालितो करायला बसल्या होत्या. सेफोरा मक्याच्या पानात पीठ गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “आई, मला अबदियासशी लग्न नाही करायचं.”

देल्फिनाच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. “काय केलं त्यानं?”

“काहीच नाही गं.”

“पितो?”

“नाही.”

“मग दुसरी कुणी आहे?”

“आई, तो चांगला आहे. तेच तर. त्याच्या शेजारी बसले की माझं सगळं लक्ष घड्याळाकडे.”

“लग्नानंतर घड्याळ बघायला वेळ कुठे असतो? मला विचार.”

“तुला विचारत नाहीये, तुला सांगतेय. येत्या शनिवारी मी त्याला स्वतः सांगणार आहे. समोर बसून, नीट. तोवर कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही. बाबांनासुद्धा. शपथ?”

“शपथ घेणं शास्त्रात मना आहे,” देल्फिना म्हणाली. “पण नाही सांगणार.”

आणि तिनं नाही सांगितलं. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी तिला डोळ्यांसमोर सेफोरा चाळिशीची दिसली, सुताच्या दुकानात, एकटी, पांढऱ्या केसांची. बुधवारी ती राजधानीत पळून गेलेली दिसली. रात्री त्याहून वाईट काहीतरी दिसलं, त्यात सिगारेट होती. चांगला मुलगा हातचा चालला आणि आईनं बसून बघायचं? आई कशाला म्हणतात मग? गुरुवारी देल्फिना उपासनेला गेली ती पोटात दगड घेऊन. आणि दगड पोटात ठेवायची बेथेलमध्ये कुणाला सवय नव्हती.

नाव घ्यायचं नाही, एवढं मात्र तिनं पक्कं ठरवलं होतं.

“भगिनींनो,” ती माइकला म्हणाली, “अतिशय खाजगी विनंती आहे. नाव घेत नाही. एक तरुण मुलगी आहे. तिचं नोव्हेंबरमध्ये लग्न ठरलंय.”

त्या नोव्हेंबरमध्ये मंडळीत एकच लग्न होतं.

“मुलगा सोन्यासारखा. प्रभूच्या सेवेत आहे. वाद्य वाजवतो. आणि या मुलीच्या मनात सैतानानं भरवलंय, की तिला हे लग्न नको. त्या मुलाला अजून काही माहीत नाही बिचाऱ्याला. प्रभूनं तिचं मन वळवावं.”

“आमेन!” तीस बायका एका आवाजात म्हणाल्या. इतकं मनापासून आमेन वर्षभरात झालं नव्हतं.

मग मागे काहीतरी खळकन पडलं. ड्रमची काठी होती. ड्रमच्या मागे बसलेला माणूस नीट दिसत नाही. तो दर गुरुवारी तिथेच बसायचा, आणि म्हणूनच देल्फिनाच्या ध्यानातून गेला होता. अबदियास उठला, खाली बघत बाजूच्या दारानं निघून गेला. लाउडस्पीकर कोपऱ्यापर्यंत ऐकू जायचा, आणि सुताच्या दुकानात त्या वेळी तीन गिऱ्हाइकं होती. तिघींनीही सूत खाली ठेवलं आणि सेफोराकडे पाहिलं.

संध्याकाळी सेफोरा घरी आली, पिशवी भरली, आणि रस्ता ओलांडून डोन्या तोमासाच्या घरात गेली.

“तिथेच का पण?” देल्फिना रडत नवऱ्याला म्हणाली. “त्या मूर्तींमध्ये?”

निकासियोनं ताटातला घेवडा चमच्यानं एका बाजूला सारला. मग म्हणाला, “आवाज मात्र स्वच्छ आला.”

शुक्रवारी महिला मंडळ आलं. एकामागून एक, हातात गोड पाव घेऊन. “नेमकं झालंय तरी काय, भगिनी?” ओबदुलियानं हळूच खुर्ची पुढे ओढली. “म्हणजे आम्हाला नेमकी प्रार्थना करता येईल.” देल्फिनानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. भुवया कळवळ्यानं वर गेलेल्या, आणि डोळे मात्र जेवायला बसलेले. हा चेहरा तिला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. गोड पाव घेऊन दुसऱ्यांच्या घरी जाताना ती स्वतः आरशासमोर हाच चेहरा चढवून निघायची.

रविवारी उपासना सुटल्यावर ती तोमासाच्या दारात उभी राहिली. हातात पत्रक नव्हतं.

“आज सोमवार नाही,” तोमासा म्हणाली.

“सेफोरा आहे?”

“परसात आहे, शेंगा सोलतेय. या आत. संत काही चावत नाहीत, मातीचे आहेत. तुम्हीच सांगता ना दर आठवड्याला?”

देल्फिना संतांकडे न बघता आतून चालत परसात गेली. सेफोरानं मान वर केली नाही.

“प्रभूच्या कृपेनं मी आज कबूल करते,” देल्फिनानं सुरुवात केली, “की सैतानानं माझ्या जिभेचा ताबा...”

“आई, सैतानाला मध्ये आणू नकोस. तो बिचारा दुकानात बसून माझ्यासारखाच ऐकत असेल.”

तोमासा दारातच खोकली. हसू आवरायला तिला तेवढंच सुचलं.

देल्फिना खाली पायरीवर बसली. तिनं टोपलीतली एक शेंग उचलून सोलली. “मला भीती वाटली गं,” ती म्हणाली. “तुझं कसं होईल याची.”

“मग प्रार्थना केलीस?”

“केली ना. तीस जणींनी...”

“तीस जणींनी नाही. तू. एकटीनं. माझ्यासाठी, शनिवारपासून, एकदा तरी?”

देल्फिनानं आठवून पाहिलं. शनिवार, रविवार, बुधवारची ती रात्र. काळजी होती, भरपूर होती. काळजी करता करता प्रार्थनेला वेळ उरला नव्हता.

“नाही,” ती म्हणाली. “नाही केली. चुकले मी.”

पुढे शास्त्रवचन नाही, आमेन नाही. तिच्या आयुष्यातली ही सर्वांत तोकडी साक्ष.

“त्याचं तोंड बघायला हवं होतंस, आई,” सेफोरा म्हणाली. “दुकानात आला आणि विचारलं, खरं का. गिऱ्हाइकांसमोर. त्याला मी नीट सांगणार होते गं. तेवढं तरी मी त्याचं देणं लागत होते.” आणि मग, “आज नाही येणार मी घरी.”

“बरं,” देल्फिना म्हणाली. तोमासानं दिलेली कॉफी तिनं संतांकडे पाठ करून प्यायली, आणि घरी गेली.

सेफोरा बारा दिवसांनी आली. आली, पण पाहुण्यासारखी. मीठ दे, दार लाव, उशीर होईल, एवढंच बोलणं. दुकानात काय झालं, कोण भेटलं, का हसतेस, का रडलीस, सगळं बंद. देल्फिनाला वाटे, मुलगी घरात आहे आणि आपण मात्र बाहेर रस्त्यावर, बंद लाउडस्पीकरखाली उभ्या आहोत. नोव्हेंबर आला. लग्न झालं, अबदियासचं, ओबदुलियाच्या भाचीशी. प्रभूची योजना अद्भुत असते, आणि ओबदुलियाची त्याहून झटपट.

जानेवारीत एका सकाळी मायलेकी हौदावर चादरी धूत होत्या. पिळताना दोघींना दोन टोकं धरावी लागतात. चादर पिळता पिळता सेफोरा थांबली, पुढे सरकली, आणि आईच्या कानाशी काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. देल्फिनानं एकही प्रश्न विचारला नाही. तिला किती जड गेलं ते तिलाच ठाऊक.

मग ती आत गेली, खोलीचं दार लावलं आणि अर्धा तास बाहेर आली नाही. आली तेव्हा गुडघ्यांवर फरशीचे ठसे होते.

“काय सांगत होती ती एवढं?” निकासियोनं विचारलं.

“काही नाही. साबण संपलाय म्हणाली.”

हौदाच्या कट्ट्यावर साबणाच्या दोन कोऱ्या वड्या होत्या. निकासियोनं त्या पाहिल्या, बायकोकडे पाहिलं.

“आणतो,” तो म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.