पिवळं हेल्मेट

माळा आवरताना पप्पांचं कंपनीतलं पिवळं हेल्मेट हाताला लागलं आणि चाकणची भाड्याची खोली आठवली.

प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची बोटं गेल्यापासून पप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. एका दुपारी गारांनी छताचा सिमेंटचा पत्रा फुटला. आईनं आम्हा बहिणींना कॉटखाली ओढलं. पप्पा मात्र उठले, हेल्मेट चढवलं आणि डाव्या हातानं पातेल्यात गारा वेचू लागले. हेल्मेटवर गारा ताडताड वाजत होत्या.

"आवो, लागंल ना," आई म्हणाली.

"डोक्याची सोय कंपनीनं केलीय की. हाताची तेवढी राहिली."

आम्ही खो खो हसलो. गारांचं सरबतही प्यालो. आई का हसत नाही, ते तेव्हा कळलं नाही.

आज हेल्मेट पुसून पाहिलं. त्यावर साधा ओरखडाही नाही.