मागच्या रांगेतला ‘वा’

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोललेय आणि त्यातलं बरंचसं सोयीनं विसरलेही. पण चौदाव्या वर्षी इंग्रजीत बोललेले दोन शब्द अजून घशात अडकलेले आहेत.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही बंगळूरला जयनगरात राहायचो; तिथं तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मूळचे बेळगावकडचे, सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. डोक्यावर काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट आणि जीव सगळा गाण्यात. घरातल्या पेटीवर माझी बोटं बरी चालतात हे बघून त्यांनी मला दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटात, एका अँग्लो-इंडियन मिसकडे पियानो शिकायला घातलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. अण्णा म्हणाले, “सूर तेच की. पेटी जरा मोठी, एवढंच.”

दर शनिवारी ते मला बसनं घेऊन जायचे. दिवाणखान्यात मी आणि मिस, बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर अण्णा. मिसनं त्यांना कधी आत बोलावलं नाही, आणि मलाही ते बाहेरच बरे वाटायचे, हे आता सांगून टाकते. त्या पायरीवर बसून त्यांनी माझे सगळे धडे कानांनी पाठ केले.

त्या वर्षी मिसनं मला एका फ्रेंच संगीतकाराची छोटी रचना दिली. संथ, धूसर, ताल कुठं लपलाय ते पटकन कळू न देणारी. मधोमध एक ठिकाण होतं: डावा हात खालचा एक सूर धरून थांबतो आणि उजवा हात, कुणाच्या ध्यानीमनी नसेल अशा सुरांवर अलगद उतरतो. अण्णा घरी पेटीवर ते सूर शोधत बसायचे. गाण्यातल्या अशा ठिकाणाला आपल्याकडे जागा म्हणतात.

“काय जागा आहे बघ, बाळ! आणि तू तिथं घाई करतीस. स्वल्प थांब की.”

मी थांबत नसे. पेटीवाल्यानं मला फ्रेंच संगीत शिकवावं? शिंगं फुटली होती मला, दुसरं काय.

मग फ्रान्सहून एक वयस्कर पियानोवादक बाई आल्या. दंडूतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये त्या पाच मुलांचं वादन ऐकून सगळ्यांसमोर सुधारणार होत्या. मास्टरक्लास हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पाचांत मी होते. आदल्या दिवशी मी अण्णांना बजावलं, “मध्येच वा-बिवा म्हणायचं नाही हं. ती आपली बैठक नव्हे. तिथं सगळे गप्प बसतात.”

“सरी, सरी,” अण्णांनी कानडीत होकार भरला. “तोंड शिवून बसतो.”

हॉलमध्ये पुढं इस्त्रीचे फ्रॉक आणि टाय. अण्णा आपणहून शेवटच्या रांगेत बसले. पेटीला करतो तसा पियानोलाही हात लावून नमस्कार करायची माझी सवय होती. त्या दिवशी मी तो मुद्दाम केला नाही. वाजवायला लागले. जागा आली. भीतीनं असेल, पण नेमकी त्या दिवशी मी तिथं थांबले. डाव्या हाताचा सूर घुमत राहिला, उजवा हात उतरला आणि मागून खणखणीत आवाज आला, “वा!”

बाईंनी हात वर करून मला थांबवलं. पुढच्या रांगेत फिदीफिदी हसू फुटलं. बाईंनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, इथं फ्रेंच कुणाला येतं? आमच्या भाषेत ‘वा’ म्हणजे ‘जा, चल पुढं’. कोण म्हणालं ते? सगळ्यांच्या माना मागं वळल्या. अण्णा अर्धवट उठले होते. चेहऱ्यावर चूक झाल्याचं हसू होतं, पण त्यात आनंदच जास्त दिसत होता.

“तुझ्याबरोबर आलेत का हे?” बाईंनी मला विचारलं.

“नो, मॅडम,” मी म्हणाले.

अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले. अण्णांना इंग्रजी चांगलं समजायचं. ते क्षणभर तसेच अवघडून उभे राहिले, मग त्यांनी हात जोडले, “सॉरी, मॅडम” म्हणाले आणि बाहेर निघून गेले. मिस त्यांना दोन वर्षं ओळखत होत्या. त्या हातातली पानं सारखी करत राहिल्या.

“गेले?” बाई म्हणाल्या. “अरेरे. खरं ऐकत होता तो एकच माणूस. अगदी बरोबर ठिकाणी बोलला.” मग माझ्याशेजारी बसून त्यांनी तेवढीच जागा पुन्हा पुन्हा वाजवून घेतली. थांब, म्हणाल्या, मागच्या माणसाला बोलावंसं वाटेपर्यंत थांब. माझे कान तापले होते. इतके महिने घरात फुकट मिळालेली शिकवणी मी आता मान खाली घालून घेत होते.

संपल्यावर बाहेर आले. अण्णा फाटकाशी उभे होते. मी त्यांच्याकडे निघाले, तेवढ्यात माझ्यामागून बाई आणि मिस बाहेर पडल्या. अण्णांनी मला पाहिलं, बाईंना पाहिलं, आणि माझ्याकडे पाठ करून ते रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले, कुणी परका माणूस बसची वाट बघत असावा तसे. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. तिकिटं काढून झाल्यावर म्हणाले, “त्या जागेबद्दल बाई काय म्हणाल्या गं?”

एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य सांगायचं, तर आधीचे दोन शब्द पुन्हा आमच्या दोघांमध्ये येऊन बसले असते.

“काही नाही,” मी म्हणाले.

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मग माझंच चुकलं असंल,” ते म्हणाले. “कान फसला.”

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्यांच्याबरोबर गाण्याच्या बैठकांना गेले. चांगली जागा आली की अण्णांचा हात उचलला जायचा, ओठ हलायचे. मग ते आधी शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे, आणि तो ‘वा’ म्हणाला तरच म्हणायचे.