लाइन थांबवायचं कल्चर

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितोय.

सकाळी चाकणला आमच्या कंपनीत दोन तास ट्रेनिंग झालं. विषय, कंपनीचं कल्चर. साहेब म्हणाले, "पार्ट खराब दिसला की कुणीही लाइन थांबवायची. हेच आपलं कल्चर." आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

जेवणानंतर माझ्या शेजारी काम करणाऱ्या संगीताताईंना एका पार्टला तडा दिसला. त्यांनी बटण दाबलं आणि लाइन थांबली. तेच साहेब धावत आले. "ताई, शिफ्टचं टार्गेट कोण पूर्ण करणार? असलं कल्चर इथं चालणार नाही."

ताई शांतपणे म्हणाल्या, "मग सकाळचं कल्चर कुठल्या कंपनीचं व्हतं, सायेब?"

या एका वाक्यासाठी ताईंकडून लेखी खुलासा मागितलाय.

कहर म्हणजे सुटताना एचआरचा मेसेज आला. शनिवारी कल्चरल प्रोग्राम आहे आणि संगीताताईंचं भारूड पाहिजेच. ताई मला विचारतात, "आधी खुलासा लिहू का भारूड बसवू?"

राव, तो पार्ट ब्रेकचा होता. उद्या तुमच्या गाडीत बसला असता, तर तुम्ही कुठलं कल्चर मागितलं असतं, सकाळचं की दुपारचं?