तीन बारके प्रश्न

बेळगाव ते निपाणी या टापूत कुठे माइक लागला, खुर्च्या मांडल्या आणि माझे चुलत सासरे, आमचे मामंजी, तिथे नव्हते, असे परवापरवापर्यंत कधी झाले नाही. झालेच असेल तर ते व्याख्यान नसेल, नुसती माइकची दुरुस्ती चालली असेल. विषय कोणताही चालायचा. पाणीवाटप, शहरांची वाढ, पंचायत राज, माहितीचा अधिकार. एकदा सदलग्याला पहिलटकरणींच्या आहारावर कार्यशाळा होती. सगळ्या पोटुश्या बायकांत हे एकटे धोतर सावरून बसले. तिथल्या ताईंनी विचारले, "आजोबा, तुम्ही इथं कसे?" तर म्हणाले, "घरात दोन सुना हायत. मी न्हाय शिकलो तर त्यास्नी कोण सांगणार?" दोन सुना म्हणजे त्यांची सून आणि मी, आमचे अंगण एकच आहे. घरी आल्यावर महिनाभर त्यांनी आम्हा दोघींना शेवग्याचा पाला खायला लावला. आमची मुले तेव्हा हायस्कुलात होती.

त्यांची सारी हयात तंबाखूच्या वखारीत गेली. वखार सुटली आणि हा नाद लागला. कार्यशाळेत फाइल, वही, पेन देतात. आमच्याकडे त्यांची इतकी रास झाली की रेशनकार्डसुद्धा 'शाश्वत विकास' लिहिलेल्या फाइलीत असते. गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रांच्या फिती तर मोजायच्या पलीकडे आहेत. त्यातल्या चार एकत्र वळून त्यांनी कालवडीला कंठा केला. ती अजून गळ्यात 'प्रतिनिधी' घालून गोठ्यात उभी असते. निवडणुकीत एक उमेदवार तिला नमस्कार करून गेला असे मामंजी सांगतात, पण ते खरे नसावे.

निपाणीच्या स्टँडवर ते एकदा पाय घसरून पडले, तेव्हा त्यांच्या मुलाने नियम केला की एकट्याने जायचे नाही. पण सोबत जाणार कोण? इकडे बायकांना बस फुकट झालेली. बोट माझ्याकडे वळले. चार माणसांत मी तोंड उघडत नाही, पण मामंजींना तेच पसंत होते. "तू लई चांगली हायस," म्हणायचे, "मधी बोलत न्हाईस."

हॉलमध्ये गेले की ते थेट पाहुण्यांच्या सोफ्यावर बसायचे. कुणी उठवले की दुसऱ्या रांगेत यायचे आणि उठवणारा लांब गेला की परत सोफ्यावर. भाषण इंग्रजीत असले तर सर्वांत जास्त मान तेच हलवायचे, आणि परतीच्या बसमध्ये मला ते मराठीतून समजावून सांगायचे. हत्तरगीपर्यंत प्रस्तावना, संकेश्वरपर्यंत मुख्य विषय, तवंदीच्या घाटात सरकारला इशारा. त्यांना इंग्रजी येत नाही हे मला फार उशिरा कळले. पण बसमधले ते भाषण चांगले असायचे, शेजारचे प्रवासीही ऐकायचे.

त्यांचा खरा सोहळा शेवटी. "कोणाला काही विचारायचंय?" असे म्हणायचा अवकाश, हे उभे. "मला तीन बारके प्रश्न हायत." हे ऐकल्यावर माइक धरलेला माणूस दुसरीकडे वळायचा आणि चहावाले निवांत आधण ठेवायचे, कारण आता वेळ आहे हे त्यांना ठाऊक. पहिला प्रश्न वखारीपासून सुरू व्हायचा. त्याला चार पोटप्रश्न. दुसरा येईपर्यंत अध्यक्ष घड्याळ बघायचे आणि वक्ते हसून म्हणायचे, "फार चांगला मुद्दा. चहाच्या वेळी बोलू." चहाच्या वेळी वक्ते गाडीत बसलेले असायचे. मामंजी हातात कप घेऊन त्या गाडीकडे बघत राहायचे. "एवढ्या वर्सांत एकाबी प्रश्नाला माइकवरनं उत्तर न्हाय मिळालं बघ," एकदा म्हणाले. "एकाला तरी मिळाय पायजे."

मग त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला. मुलाने सांगितले, "बेळगावचा हा कार्यक्रम शेवटचा. मग ऑपरेशन, आणि नंतर घरात बसायचं." विषय होता ग्रामपंचायत आणि लोकसहभाग. मामंजींनी आठ दिवस तयारी केली. जाताना बसमध्ये तिन्ही प्रश्न मला म्हणून दाखवले. मला काय वाटले कोण जाणे, मी बोलून गेले, "मामंजी, ग्रामसभा अकराला असती. तवा आमी समद्या बायका रानात. मग बायकांस्नी रस न्हाय म्हणून लिवत्यात."

"ही घरगुती तक्रार झाली," ते म्हणाले. "ह्यात धोरण कुठं हाय?"

हॉलवर गेलो तर नवीनच रीत. सूत्रसंचालकांनी मामंजींकडे एक नजर टाकून जाहीर केले, "यावेळी प्रश्न फक्त चिठ्ठीवर. एका चिठ्ठीवर एकच." मामंजींना तर कागदावरचे दिसत नव्हते. ते सांगू लागले, मी लिहू लागले. माझे चौथीतले मोठे मोठे अक्षर आणि तळहाताएवढी चिठ्ठी. दोन्ही बाजू भरल्या तरी आम्ही वखारीच्या दारातच होतो. चिठ्ठ्या गोळा करणारी मुलगी आली, म्हणाली, "काकू, ही कोरी घ्या, शेवटची. पटकन एक ओळ लिहा."

मामंजींनी ती कोरी चिठ्ठी बोटांनी चाचपली. तिन्ही प्रश्न त्यांच्या तोंडावरून एकामागून एक जाताना मला दिसत होते. त्यातला एखादा एका ओळीत सांगितला असता तरी चालले असते. पण ते म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे. तुझं ते बसमधलं लिव."

"ती घरगुती तक्रार हाय न्हवं?"

"लिव म्हणतो न्हवं!"

व्यासपीठावरच्या मॅडमनी ती चिठ्ठी वाचली, पुन्हा एकदा मोठ्याने वाचली आणि विचारले, "हा प्रश्न कोणाचा?" सवयीने मामंजी उभे राहिले. सगळ्या हॉलने सुस्कारा टाकला. मागून कुणीतरी म्हणाले, "झालं! वखार उघडली." मामंजींनी पुढची खुर्ची घट्ट धरली, तोंड उघडले आणि म्हणाले, "माझा न्हाय. हिचा." आणि बसले.

मला उठावे लागले. माइक इतका जवळ आणला की माझा श्वासच हॉलभर ऐकू गेला. मॅडमनी विचारले, "मग किती वाजता जमेल तुम्हाला?" मी म्हटले, "सांच्याला सातला." एवढेच. त्यांनी चहाचे नाव काढले नाही. बायकांच्या सह्यांचा अर्ज कसा करायचा, त्यात काय लिहायचे, सगळे माइकवरून सावकाश सांगितले. मामंजी डोळे मिटून ऐकत होते, अंगावर ऊन घ्यावे तसे.

आम्ही अर्ज दिला. पुढची सभा सातला झाली, त्याच्या पुढची पुन्हा अकराला. आम्ही पुन्हा अर्ज दिला आहे. मामंजी आता काळा चष्मा लावून घराच्या पुढच्या सोप्यात बसलेले असतात आणि कुठे जात नाहीत.

त्या दिवशी परतताना मात्र त्यांनी बसमध्ये भाषण केले नाही. हत्तरगी गेली, संकेश्वर गेले. घाट लागला तेव्हा खिडकीकडे तोंड करून त्यांनी विचारले, "उभी ऱ्हायलीस तवा पाय कापत हुतं का गं?"

"व्हय, मामंजी."

"माजंबी कापत्यात," ते म्हणाले. "पयल्यापासनं."