दौंडच्या गल्लीतली मॅपची गाडी

कुठल्याही लग्नात कुणी ना कुणी मला विचारतंच, "काय करतेस गं तू हल्ली?" मी सांगते, "रस्ते तपासते." की लगेच, "म्हणजे पीडब्ल्यूडीत का?" नाही हो! मग समजावून सांगायला बसावं तर त्यातून एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा, आणि पंगत उठायची वेळ होते तरी आमची गाडी काही शिरूरच्या बाहेर पडलेली नसते.

तर काम असं. मोबाइलवरचा मॅप बरोबर आहे की नाही ते बघायचं. आमच्या गाडीच्या टपावर कॅमेरे आहेत, गरगर फिरणारा एक लेझरचा डबा आहे, चाकाला सेन्सर आहे. गाडी जाईल तसा रस्ता मोजला जातो. कुठं वळण, कुठं खांब, रुंदी किती. मशीन ते मॅपशी ताडून बघतं. दोघांचं जुळलं नाही की खरं कोण बोलतंय हे मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलेली मी ठरवते. पुण्याच्या ऑफिसात देशमाने सर स्क्रीनवर आमचा ठिपका बघत असतात. ठिपका थांबला की त्यांचा फोन आलाच म्हणून समजा!

गाडी चालवतात संपतमामा. शिरूरजवळचे बागायतदार. घरी सगळं व्यवस्थित आहे, पण स्टिअरिंगशिवाय करमत नाही म्हणून नोकरी. माणूस लाखात एक, फक्त हट्टी. त्यांची एकुलती एक मुलगी रोहिणी. तिनं दौंडच्या रेल्वेतल्या मुलाशी आपल्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा मामांनी देवळात, सगळ्या भावकीसमोर भंडारा उचलून शपथ घेतली, "तिच्या दारात पाय ठिवणार न्हाई!" तेव्हापासून बापलेकीत बोलणं बंद. आणि आमच्या वाट्याला तालुके आले शिरूर आणि दौंड. घ्या!

*

सुरुवातीचा किस्सा कोरेगाव भीमाच्या पुढचा. हायवेला चहाला थांबलो, तर टपावरचा डबा बघून हॉटेलवाला पळतच बाहेर आला.

"मॅडम, रुंदीकरणाचा सर्व्हे ना? आमचं किती फूट जातंय?"

म्हटलं, नाही हो, आम्ही फक्त मॅप तपासतोय. त्याला काही पटलं नाही. पहिला चहा स्पेशल आला, पाठोपाठ न मागता भजी आली. निघताना मामांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मामा, रुंदीकरण झालंच पाहिजे, आपला पूर्ण पाठिंबा आहे. फक्त समोरच्या बाजूनं घ्या!"

गाडी वळवून आम्ही पलीकडच्या बाजूनं परत आलो, तर समोरचा दुकानदार भज्यांची प्लेट घेऊन रस्त्यावर उभाच होता.

*

एकदा एका गावात भर रस्त्यात लग्नाचा मांडव. दुसरी वाट नाही. मामांनी काच खाली करून विचारलं, तर वरमाय म्हणाली, "घाला की मधनं! पाव्हणंच हाय तुम्ही." खुर्च्या सरकल्या, वाजंत्री बाजूला झाली आणि आमची गाडी झालरींच्या खालून नवरदेवाच्या थाटात निघाली. पलीकडच्या टोकाला आम्हाला उतरवून जेवायला बसवलं. ठिपका थांबला. फोन आला.

"अगं, तिथं नवीन बोगदा सापडलाय मशीनला! मॅपवर नाहीये. केवढा आहे?"

माझा हात आमटीत. मी फोन स्पीकरवर टाकला होता. मामांनी मान वर करून मांडव नीट निरखला आणि म्हणाले, "सायेब, तीन पंगती आरामात बसतील!"

*

दसऱ्याचं तर विचारूच नका. सकाळी मामांनी गाडी धुतली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मला उशीर झालेला, मी पेढा तोंडात टाकला आणि वर न बघता मागं जाऊन बसले. त्या दिवशी शिरूरातल्या सगळ्या पेठा, सगळ्या आळ्या झाल्या. मी आपली खूश!

संध्याकाळी देशमाने सरांचा आवाज चिरकलेला. "शिरूरला सगळ्या रस्त्यांना नारंगी रेलिंग कधी बसवलं?"

खाली उतरून बघते तर काय, टपावरच्या कॅमेऱ्याला झेंडूचा हा भलामोठा हार! मी कपाळावर हात मारला. "मामा, काढा तो आधी!"

"आज कसा काढायचा, ताई? सणाचा हार हाय. उद्या वाळंल, मग काढू."

दुसऱ्या दिवशी सगळं शिरूर पहिल्यापासून केलं. मामांना त्याचं काहीच नाही. उलट म्हणाले, "कॅमेऱ्याला बी वाटलं आसंल, आपलं कुणीतरी केलं."

*

पाटसकडचे रस्ते आम्ही हिवाळ्याच्या सुरुवातीला केले. दोन्हीकडं ऊस. गाडीच्या टपापेक्षा उंच, आणि दाट असा की लेझरचा किरण आत शिरेना. मशीननं नोंदवून टाकलं, रस्त्याला दोन्ही बाजूंनी कंपाउंडची भिंत. चूक माझी, मी थकलेली होते, बरोबरची खूण करून मोकळी झाले. उन्हाळ्यात पुन्हा तिथून गेलो तर रान मोकळं, लांबपर्यंत नुसती पाचट.

सर म्हणाले, "एवढ्या लांबीच्या भिंती? कुणी पाडल्या?"

"पाडल्या न्हाईत, सायेब," मामा म्हणाले. "कारखान्यानं गाळल्या. तुमच्या चहात आसतील आता!"

*

आता पाटस झालं की दौंड आलंच. रेल्वे कॉलनीच्या मागं एक अरुंद गल्ली आहे. ती आम्ही पहिल्याच दिवशी केली, एकदम व्यवस्थित. तरीसुद्धा दौंडला गेलो की मामा गाडी तिकडंच घालायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "हितं जीपीएस हालतंय, ताई. एकदा बघून घिऊ." जीपीएस हालतंय म्हणे! त्यांना साधा व्हॉट्सअॅपचा फोटो डाउनलोड करता येत नाही.

गल्लीच्या मध्यावर निळं फाटक. तिथं आलं की गाडी बैलगाडीच्या चालीनं जायची. मामांची नजर समोर, मान ताठ. फाटकात रोहिणी उभी असायची. आमची गाडी लांबूनच ओळखू येते ना! ती बोलायची नाही, हे बघायचे नाहीत. मग पुढच्या कोपऱ्यावर मामा एकदम खोकायला लागायचे आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे.

मी एकदा न राहवून म्हटलं, "मामा, शपथ मोडली की हो तुमची."

"कशी मोडंल? पाय ठिवायचा न्हाई म्हणलो व्हतो. चाकाचं कोण बोललंय?"

शेवटी देशमाने सरांनी विचारलंच. "ती गल्ली हायवेपेक्षा जास्त वेळा का तपासली जातेय?" मी सांगितलं, "अवघड गल्ली आहे, सर." खोटं थोडंच होतं?

*

मग मध्ये काही दिवस फाटकात कुणी दिसेना. मामांचं लक्ष लागेना, दोनदा चुकीचं वळण घेतलं. नंतर गावातूनच कुणीतरी त्यांना सांगितलं, रोहिणीला मुलगी झाली. त्या दिवशी दौंडला सकाळी सकाळीच गेलो.

रोहिणी फाटकात होती, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मामांची मान समोरच. संध्याकाळी मी फोटो तपासत होते तर मामा मागं येऊन उभे राहिले. असे कधी येत नाहीत. म्हणाले, "ती गल्ली दावा बरं."

मी दाखवली. पण आमच्या मशीनचा नियम आहे, फोटोत जो चेहरा येईल तो आपोआप पुसट करायचा. रोहिणीचा पुसट, बाळाचाही पुसट. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ह्ये पुसलेलं काढता येतंय का, ताई?"

"नाही हो मामा. कुणालाच नाही येत."

"आज्याला बी न्हाई?"

मी उगाच लॅपटॉपचा चार्जर शोधत बसले.

*

दुसऱ्या दिवशी आमचं काम शिरूरला होतं. मामांनी गाडी दौंडच्या रस्त्याला लावली. मी लॅपटॉपवर दौंडचा मॅप उघडला.

गल्लीत शिरलो. निळं फाटक आलं. गाडी नेहमीसारखी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि मामांनी चक्क किल्ली फिरवून बंद केली. टपावरचा डबा फिरायचा थांबला. लॅपटॉपवर सगळे दिवे लाल.

रोहिणी फाटक उघडून खिडकीपाशी आली. "आप्पा."

मामा समोरच बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. "मी उतरणार न्हाई," ते म्हणाले. "शपथ हाय माझी."

"नका उतरू," ती म्हणाली. आणि तिनं बाळ खिडकीतून आत दिलं.

आता हात स्टिअरिंगवर ठेवून बाळ घेता येतं का? मामांनी घेतलं. बाळानं डोळे उघडले, आज्याकडं बघितलं आणि मोठ्ठी जांभई दिली. मामा हसता हसता रडायला लागले, रोहिणी खिडकीला धरून रडायला लागली आणि मागच्या सीटवर मीसुद्धा सुरू झाले.

तेवढ्यात फोन. अर्थातच! मी स्पीकरवर टाकला.

"काय झालं? सिग्नल गेला तुमचा! गाडी का थांबली? मॅपवर तर रस्ता सरळ पुढं दिसतोय!"

मामांनी बाळाचं दुपटं नीट केलं, नाक ओढलं आणि म्हणाले, "मॅप चुकलाय, सायेब. रस्ता हितंच संपतुया."