कुंकवाखालचा काटा

लकव्याने वडिलांची वाचा गेली, उजवा हातही गेला. उन्हाळा लागला तसा डावा हात हवेत गोल गोल फिरवून ते काहीतरी मागू लागले. काय, ते कुणालाच कळेना. मी मुळातच उतावळा. तो फिरणारा हात बघून मला घरात बसवेना, आणि बाहेर पडलो तरी डोळ्यांसमोर तोच हात.

"जातं आठवत असंल त्यांला," आई म्हणाली.

जन्मभर साखर कारखान्यात वायरमनकी केलेला माणूस जातं कशाला मागेल? हत्यारच मागत असणार. मी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि एकेक वस्तू त्यांच्यासमोर धरत गेलो. हाताने फिरवायचा ड्रिल. त्यांनी मान हलवली, नाही. खांबावर चढायचे लोखंडी आकडे. नाही. लाकडी मुठीचा एक वाकडा पाना होता, कशाचा ते मलाही कळेना. त्यावर तर त्यांनी डोळेच मिटले. मला राग येत होता आणि रडूही येत होतं. हात मात्र पुन्हा सुरू.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात. वडील निवृत्त झाले त्या वर्षी त्यातला एक काळा, जड डबा आईने परत माळ्यावर चढवलाच नाही, देवघरात ठेवला. दर वर्षीच्या कुंकवाने त्याची काच लाल होऊन गेली होती. ते हत्यार आहे हेच आम्ही सगळे विसरलो होतो. संध्याकाळी उदबत्ती लावताना माझी नजर त्याच्या कडेला दुमडलेल्या दांड्यावर गेली. उघडून पाहिला, तर तो गोल फिरत होता.

"देवाचं हाय ते, नको काढू," आई म्हणाली. मी कुठला ऐकतोय.

काच पुसली तसा आत काटा दिसला, आकडे दिसले. डबा वडिलांच्या मांडीवर ठेवला. त्याच्या दोन वायरींची टोकं दोन हातांत धरून हे कसलं यंत्र म्हणून मी बघत होतो, तेवढ्यात त्यांनी दांडा गर्रकन फिरवला. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी ओरडलो आणि ते हसले, आजारपणात पहिल्यांदाच. तेव्हा मला नाव आठवलं. मेगर. करंट कुठे गळतोय ते दाखवणारा.

हसू लगेच विरलं. त्यांनी खिडकीतल्या पत्र्याच्या कूलरकडे बोट केलं आणि ते खाली घेईनात. मी प्लग उपसला, एक वायर प्लगच्या पिनेला लावली, दुसरी पत्र्याला, आणि दांडा फिरवला. काटा घसरत शून्याला टेकला. म्हणजे करंट पत्र्यात उतरत होता.

आई ओले हात पदराला पुसत दारात उभी होती.

"पाणी भरताना हाताला मुंग्या यायच्या बघ," ती म्हणाली. "ह्यांला सांगितलं व्हतं मी. मला वाटलं, वयाचं असंल."