रिंग पूर्ण आहे

भाऊ कुणाशीही बोलण्याआधी टेबलावरचा रिसीव्हर उचलून कानाला लावत. टोन ऐकू आली की तो ठेवत आणि म्हणत, "हं, बोला आता." समोर वरिष्ठ साहेब असले तरी हेच.

कुरखेड्याकडच्या जंगलातल्या टेलिफोन केंद्रात ते जुने तंत्रज्ञ आणि मी नवा इंजिनिअर. हजारो संभाषणं एका फायबरमध्ये कोंबायच्या जुन्या-नव्या पद्धतींतला फरक मी कॉलेजात घोकला होता. कळला मात्र भाऊंकडून. त्यांच्या घरी उन्हाळ्यात विडीच्या तेंदूपानांची पुडकी बांधून पोत्यांत भरत; समजावायची रीतही तीच.

"जुनी मशीन म्हंजे शिवलेलं पोतं, साहेब. एका गावचं पुडकं काढाले सारं पोतं सोडा, मंग पुन्हा शिवा. नवीत पुडक्या-पुडक्यावर चिठ्ठी. आपलं काढा, बाकीचे जाऊ द्या. अन् तिची रिंग, केबलचा गोल! एका बाजूनं तुटलं का बोलनं उलट्या बाजूनं फिरून येते. मानसाले पत्ता बी लागत नाई."

एवढं सांगून त्यांचा चेहरा पडे. आमची रिंग नकाशावरच गोल होती. जमिनीत तिच्या दोन्ही बाजूंच्या केबल रस्त्याकडेच्या एकाच नालीत पुरलेल्या. दुसरी वाट जंगलातून न्यावी, असे अर्ज भाऊ लिहीत, मी सही करी. वरून उत्तर येई, 'रिंग पूर्ण आहे.' मी चडफडायचो आणि फाइल मिटायचो.

मग एका सकाळी रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने एकाच घासात दोन्ही केबल तोडल्या. मोबाइलचे टॉवरही त्यांच्यावरच, तेही मुके झाले. भाऊंची लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणाला त्यांच्या गावी आलेली. दिवस भरले होते. पण फायबर जोडणारं दुसरं कुणी नव्हतं. भाऊ दिवसभर नालीत बसून जोडत राहिले.

दिवस मावळताना भाऊ केंद्रात परतले तेव्हा टोन आली होती. पहिलाच फोन त्यांच्या बायकोचा.

"दवाखान्याच्या गाडीले फोन लावून लावून थकली जी मी. लागलाच नाई. पोरगी वाचली. बाळ गेलं."

भाऊंनी रिसीव्हर ठेवला आणि मला विचारलं, "मशीन तं नवीच होती ना, साहेब?"

 

त्यानंतर टोन तपासणं त्यांनी सोडलं. निवृत्तीच्या दिवशी चहा घेतला, चाव्या दिल्या आणि टेबलावर एक कागद ठेवला. तोच अर्ज, दुसऱ्या वाटेचा. मी सही करून वर पाठवला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, 'रिंग पूर्ण आहे.'